खालच्या विहिरीचं पाणी

साइटवर गार पाण्याचे जार यायचे, पण वानखडे साहेबांनी त्यातला घोट कधी घेतला नाही. तहान लागली की कचऱ्याच्या खड्ड्याचा बांध उतरून ते खाली सुशीलाबाईंच्या भाजीच्या मळ्यात जायचे आणि विहिरीचं पाणी तांब्याने प्यायचे. अकोल्याचं ऊन, त्यात हा उपद्व्याप! मी नवी इंजिनिअर, मलाही मागे फरफटत जावं लागे. एकदा वैतागून विचारलंच, "काहून साहेब, जार आहेत ना?"

"आपली शीट फाटली त घाण या विहिरीत येईन. मंग पह्यले मलेच कळलं पायजे."

शहराच्या कचऱ्याचं पाणी जमिनीत मुरू नये म्हणून खड्ड्याला तळापासून काठापर्यंत जाड प्लास्टिकची शीट लावलेली. तळाला ती गुमान पडून राहते. कटकट सगळी उतारावर. तिच्यावर मातीचा थर द्यायचा तो पायथ्यापासून वर चढवत, म्हणजे खालची माती वरच्या मातीला टेकू देते. वरून लोटली तर सगळीच घसरते आणि शीट फाडून नेते. पण रस्ता वर, आणि माती आणणाऱ्या टिप्परवाल्यांना वळशाचा भारी कंटाळा. मग साहेब दिवसभर काठावर हात पसरून उभे! "खालून या, राजेहो! वरून नाई!" संध्याकाळी खुर्चीत धपकन बसत. "थकलो बाप्पा. रोज तेच ते सांगून राहिलो."

साहेबांच्या मुलीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, अंजनगावला होतं. साहेबांनी अख्ख्या साइटला आवतण दिलं, अगदी चौकीदारालाही. काम बंद ठेवायला सांगितलं आणि आम्ही सगळे गेलो. स्वतः वाढत होते, इतकं खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. इकडे साइटवर ढग भरून आलेले पाहून, पावसाआधी काम उरकायला मातीच्या ठेकेदाराने परस्पर टिप्पर पाठवले. अडवायला कोणीच नव्हतं. माती वरूनच लोटली. वर पाऊस.

दुसऱ्या दिवशी उतार खाली बसलेला, शीट मधोमध फाटलेली. साहेब कोणावर ओरडले नाहीत. "एक दिवस सुट्टी घेतली, बावा," एवढंच म्हणाले. मला रडू आलं.

शीट पुन्हा जोडली, पण फाटीतून कचऱ्याचं जेवढं पाणी मुरायचं तेवढं मुरलं होतं. काही आठवड्यांनी साहेब नेहमीसारखे विहिरीवर गेले. सुशीलाबाईंनी तांब्या पाठीमागे धरला.

"नका पिऊ साहेब. वास येते. आमीबी जारच आणून राहिलो आता."

"एक घोट दे, माय."

तिने दिला नाही. बांध चढताना साहेब दोनदा थांबले.

आता ते रिटायर होऊन अमरावतीला असतात. काठावर हात पसरून मी उभी राहते, घसा माझा बसतो. अधूनमधून त्यांचा फोन येतो.

"टिप्पर खालून येते ना?"

"येतात साहेब."

"अन् सुशीलाबाईचं पाणी?"

"मळ्यात अजून जारच जातात, साहेब." ते फोन ठेवतात.