पेशीतलं चुलवाण

माझ्या बोलण्यातलं निम्मं वजा करून ऐकायचं, हा मंगळवार पेठेतला जुना नियम आहे. दहा पैलवान लोळवले म्हटलं, की पेठ पाच धरते. बायको हे लग्नानंतर आठवड्याभरात शिकली. माझा आजा खांद्यावर म्हैस घालून जोतिबाचा डोंगर चढायचा, असं मी सांगितल्यावर म्हणाली, "म्हंजे रेडकू आसंल."

लेक मात्र आमची खरीच पैलवान. सोळाव्या वर्षी थोराड पोरींची पाठ मातीला लावायची. आणि गेल्या वर्षी तिचे पाय थकायला लागले. अशा वेळी कोल्हापुरातल्या बापाला एकच औषध ठाऊक असतं. रोज पहाटे मी तिला दूधकट्ट्यावर न्यायला लागलो. म्हैस समोर उभी, धार थेट ग्लासात, फेसासकट पोटात. दोनाचे चार ग्लास केले. म्हैसवाला म्हणायचा, "मालक, आता पोरगीला म्हशीखालीच बशिवता का काय?"

वर कळंब्याच्या तळ्याकाठी पळवायचो. ती धापा टाकत थांबली की मी मागून गरजायचो, "पळ की, एवढं दूध गेलं कुठं?" एका सकाळी ती बांधावर बसली ती उठेचना. म्हणाली, "पप्पा, पाय हायेत का बघा जरा." तिला खांद्यावर घालून रस्त्यापर्यंत आणलं. यातलं निम्मं वजा करू नका.

तपासण्या झाल्या. रिपोर्टच्या दिवशी दवाखान्याची लिफ्ट बंद होती. लेकीला पायऱ्या चढवेनात, म्हणून बायको तिच्यापाशी खाली थांबली आणि मी एकटाच वर गेलो.

डॉक्टरीणबाई उसाच्या गावच्या. त्यांनी कागदावर एक मोठा गोल काढला. "ही पेशी. हिला गुऱ्हाळ समजा. मधलं हे केंद्रक म्हणजे हुकूम सोडणारा गुळव्या. आणि या शेंगदाण्यासारख्या दिसतात त्या तंतुकणिका, म्हणजे गुळाच्या कढईखालची चुलवाणं. अन्न जाळून ताकद निघते ती इथं. तुमच्या मुलीची चुलवाणं नीट पेटत नाहीत. मग ऊस कितीही आणून टाका."

मला माझे चार ग्लास दिसले. तळ्याकाठचं माझं गरजणंही ऐकू आलं.

"औषध?"

"त्रास थोडा आवरता येईल. मुळापासून बरं करणारं अजून नाही." मग त्या हळू म्हणाल्या, "आईचंही रक्त तपासू. तंतुकणिका मुलांना फक्त आईकडून मिळतात."

"मग माझ्यातल्या काढून घाला की तिला. माझ्यात हत्तीला पुरतील एवढ्या हायेत."

"तसं करता येत नाही हो."

मी टेबलाला हात लावला. "मॅडम, पाया पडतो. तिच्या आईला हे सांगू नका."

त्यांनी आईच्या तपासणीसाठी सोमवारची वेळ लिहून दिली.

बायकोचा धाकटा भाऊ तिशीत काठीवर आला आणि दोन वर्षांत अंथरुणावरच संपला. शेवटपर्यंत हिनंच त्याला भरवलं. खाली आलो तर ही बाकावर लेकीचे पाय मांडीवर घेऊन चोळत होती. एकच विचारलं, "माझ्या भावासारखं न्हाय न्हवं?"

"न्हाय गं. माझ्याकडनं आलंय. सगळं माझ्याकडनं."

"तुमच्या घरात कुणाला हुतं?"

घरात सगळे धडधाकट. मी आजा विकायला काढला. "आज्याला. म्हशीचं ते खोटं हुतं. त्यालाच लोकं खांद्यावर घालून न्यायची. त्याला अंगणातनं उठवत न्हवतं."

तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं. हात चोळायचा थांबला नव्हता.

"म्हंजे निम्मं तुमच्याकडनं," ती म्हणाली. "आणि निम्मं माझ्याकडनं."

मी लेकीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. लेक म्हणाली, "पप्पा, राहू दे."

सोमवारी आम्हाला दोघांनाही वर बोलावलंय. बायकोचं रक्त घेणार आहेत. लिफ्ट दुरुस्त झाली म्हणे.