काचेवरची वाफ

सकाळी उठल्याबरोबर सुईताई स्वयंपाकघराच्या खिडकीशी जायची आणि समोरच्या गच्चीवरच्या दोरीकडे बघायची. त्या दोरीवर कुणाचे ना कुणाचे कपडे रात्रभर राहिलेले असतच. कपडे सरळ लोंबत असले की तिचा जीव भांड्यात पडायचा. फडफडत असले की चहा तसाच ओट्यावर निवत राहायचा. सासूबाई हे सगळं भाजी निवडता निवडता बघत असत.

एकदा त्या म्हणाल्या, "आमच्या वेळी कपडे बघून बाईची पारख करायचे. तू कपडे बघून स्वतःचीच करतेस."

हसून सोडून द्यावं असं बोलणं होतं, पण सुईताईला ते लागलं. कारण ते खरं होतं.

रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये ती बरीच वर्षं सुई टोचायचं काम करत होती, म्हणून गल्लीतल्या मुलांनी तिचं नाव सुईताई पाडलं आणि मोठ्यांनीही तेच उचललं. काम आतल्या खोलीत. खोलीला खिडकी नाही, डोक्यावर ट्यूबलाइट, कोपऱ्यात फ्रिजची घरघर. माणसं येत, बाही वर करत, हात पुढे करत आणि जात. तिला माणसं चेहऱ्यापेक्षा कोपरावरूनच जास्त आठवायची. बाहेर ऊन आहे की पाऊस, हे तिला येणाऱ्यांच्या चपलांवरून कळायचं.

मग घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने आणणारा माणूस नोकरी सोडून गेला. लॅबच्या डॉक्टरीणबाईंनी सहज विचारलं, "बाहेरचं काम कोण बघेल?" आणि सुईताई म्हणाली, "मी." उचलली जीभ लावली टाळ्याला. तिला साधी स्कूटरसुद्धा येत नव्हती.

"गाडी शिका, मग बघू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "थंडी संपेपर्यंत करून बघा. जमलं तर काम तुमचं. नाहीतर आतली खोली कुठं पळून जात नाही."

आतली खोली पळून जात नाही, याचीच तर सुईताईला भीती होती.

घरात मोटरसायकल होती, नवऱ्याची. नवरा शिंपी. पुढच्या खोलीत त्याचं शिवणयंत्र, कापायचं टेबल आणि दोरीवर लटकलेल्या अर्ध्यामुर्ध्या बाह्या. गुडघा धरल्यापासून त्याला गाडीचं वजन पेलेना, तेव्हा ती जिन्याखाली चादर पांघरून उभी होती. बायको चालवणार म्हटल्यावर त्याने स्वतः चादर काढली, टाकी पुसली आणि रोज संध्याकाळी शाळेमागच्या मैदानात तिला शिकवायला घेऊन जाऊ लागला. काठी टेकत कडेला उभा राहून तो ओरडायचा.

"क्लच ओढून सोडू नकोस! टाका घातल्यासारखा हळू सोड!"

"अहो, मला टाका घालता येतो का?"

"तेच तर! म्हणून बंद पडतेय! आणि नजर चाकावर नको. शिवताना सुईकडे बघत बसलं की शिवण वाकडी जाते. पुढे बघ, पुढे!"

ती शिकली, आणि चांगली शिकली. गिअर न अडखळता पडू लागले, वळणावर अंग आपोआप झुकू लागलं. परवाना मिळाला त्या दिवशी नवऱ्याने गल्लीत सगळ्यांना सांगितलं की, बाईच्या हातात जात्याच सफाई आहे. एकच गोष्ट दोघांच्याही लक्षात आली नव्हती. मैदानाला तीन बाजूंनी उंच भिंती होत्या आणि ते जात संध्याकाळच्या निवांत वेळी. तिथे वारा नव्हता, ऊन नव्हतं, ओलही नव्हती. सुईताई गाडी शिकली होती, हवा शिकायची राहिली होती.

आधी उन्हानं ते दाखवलं. दुपारी परतताना हेल्मेटच्या आत डोकं कढत व्हायचं, घाम भुवईवरून डोळ्यात उतरायचा, आणि मन कुठेतरी भलतीकडे भरकटायचं. एकदा तर ती लॅबच्या दारावरून सरळ पुढे निघून गेली आणि चौकात गेल्यावर तिला आठवलं की आपल्याला थांबायचं होतं. मागच्या रिक्षावाल्यावर ती विनाकारण खेकसली, मग दिवसभर चुटपुट. पुढे ओल आली. भुरभुर पडून गेली की रस्त्यावरचे पांढरे पट्टे साबण लावल्यासारखे होत. एका पट्ट्यावर मागचं चाक जरासं सरकलं, इतकं जरासं की शेजारच्या सायकलवाल्यालाही कळलं नसेल. पण त्यानंतर कितीतरी दिवस ती ओल्या रस्त्यावर दोन्ही पाय खाली सोडून, बदकासारखी गाडी हाकत होती. आणि चाकाखालच्या पट्ट्यांकडेच बघत होती. पुढे बघायचं असतं, हे साफ विसरून.

वाऱ्याची गोष्ट वेगळी. नवऱ्याने तिला थंडीसाठी मेणकापडाचा कोट शिवून दिला होता. आत स्वेटर बसावा म्हणून चांगला ऐसपैस. पुलावर आडवा वारा सुटला की तो कोट फुगायचा आणि कुणीतरी मागून पदर धरून ओढावं तसा तिला बाजूला खेचायचा. मूठ इतकी घट्ट व्हायची की उतरल्यावर बोटं सरळ होत नसत. घरी आली की नवरा विचारी, "कोट कसा आहे?" आणि ती म्हणे, "ऊबदार आहे." इतक्या मायेनं शिवलेल्या वस्तूला नावं कशी ठेवायची?

ते काम सासूबाईंनी केलं. "अरे, तुझी बायको निघाली की वाटतं, तंबू चाललाय."

नवऱ्याने कोटाकडे एकदा नीट बघितलं. दुसऱ्या दिवशी कोट खुंटीवरच होता, पण दोन्ही बाजूंनी आत घेतलेला आणि बाह्यांना इलॅस्टिक लावलेला. तिने अंगात घातला, बटणं लावली आणि जाताना त्याच्या खांद्यावर हात ठेवून गेली, एवढंच.

तरी मन सावरलं नाही. वारा ओढेनासा झाला, पण तो ओढेल ही भीती पुलाच्या अलीकडेच येऊन बसायची. आणि खरी थंडी पडल्यावर तर रोजचीच कथा झाली. छाती धडधडायची, कानात गुणगुण, दोन पत्त्यांवरची घरं झाली की डोकं गरगरायचं. ऊन, ओल, वारा, गारठा, प्रत्येकाची तिने आपल्या नावावर चूक म्हणून नोंद केली. एका संध्याकाळी भांडी आवरून तिने डॉक्टरीणबाईंना फोन केला. "उद्या जरा बोलायचं होतं. बाहेरच्या कामाबद्दल."

"या की. उद्या सकाळची फेरी करून या, मग बोलू."

नवरा यंत्रावरून मान वर करून बघत होता. "सोडतेस?"

"हो. माझ्याच्यानं नाही होत."

"गाडी होत नाही?"

"गाडी होते. मीच होत नाही."

त्याने पाय खाली दाबला आणि यंत्र पुन्हा सुरू झालं.

दुसऱ्या दिवशी खिडकीतून कपडे तर सोडाच, समोरची गच्चीच दिसली नाही. धुकं असं की खिडकीला बाहेरून पांढरं अस्तर लावल्यासारखं.

"कुणीतरी सगळं जगच भिजत घातलंय आज," सासूबाई म्हणाल्या. "नको जाऊस बाई."

"माणसं उपाशी बसलीत, आई. रक्त दिल्याशिवाय त्यांना चहासुद्धा घेता येत नाही."

नवऱ्याने हेल्मेट हातात दिलं. "दिवा लाव. आणि पुढच्या गाडीचा लाल दिवा धरून जाऊ नकोस. तो चुकला तर त्याच्यामागं तूही चुकशील."

पहिला पत्ता अग्निशमन दलातून निवृत्त झालेल्या काकांचा. धिप्पाड माणूस. जळत्या इमारतींत शिरलेला, आणि सुई म्हटलं की लहान मुलापेक्षा वाईट. त्यांना रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या चालू होत्या, म्हणून दर आठवड्याला तपासणी असायची, आणि दर आठवड्याला तोच संवाद.

"काका, श्वास रोखू नका."

"घेतोय की."

"नाही घेत. पोट हललं नाही तुमचं. पोट हलू दे, मग टोचते."

त्या दिवशी त्यांच्या दाराशी गाडी लावली तेव्हा ती घामानं ओली होती, एवढ्या थंडीत. आत गेली, नमुन्यांचा थंड डबा टेबलावर ठेवला, हातमोजे घातले, काकांच्या दंडाला पट्टा बांधला. शीर चांगली वर आली. पाकिटातून सुई काढली आणि तिचा हात थरथरला. तिने सुई परत ठेवली. पुन्हा उचलली. पुन्हा तेच. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. गाडी गेली तर गेली, पण हातही गेला तर मागे उरलं काय?

"थरथरत्या हातानं मी टोचणार नाही, काका. जरा बसते." तिने पट्टा सोडला आणि समोरच्या खुर्चीवर बसली.

काकांनी आत आवाज देऊन गरम पाणी मागवलं. तिने हातमोजे काढून पेला दोन्ही हातांत धरला. काका तिच्याकडे टक लावून बघत होते.

"ताई, रागावणार नसाल तर एक बोलू?"

"बोला."

"तुमचं पोट हलत नाहीये."

ती हसायला गेली, आणि हसायलाही श्वास लागतो हे तिच्या लक्षात आलं. खरंच, पोट आवळून धरलं होतं तिने. कधीपासून?

"हेल्मेटच्या काचेवर वाफ धरते," ती हळूहळू, स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. "श्वास सोडला की समोरचं दिसेनासं होतं. म्हणून मी जरा... धरून ठेवते. चौक येईपर्यंत. मग घेते, मग पुन्हा धरते."

"आज तर पूर्ण रस्ताभर धरला असेल!"

"हो."

"धुरात नवी माणसं अशीच करायची," काका म्हणाले. "श्वास वाचवायला जायची आणि पहिली तीच कोसळायची. मला दर आठवड्याला शिकवता, आणि स्वतः?" मग गुडघ्यावर थाप मारून ते मोठ्यानं हसले. "बरं झालं. इथे घाबरट मी एकटाच नाही म्हणायचा!"

सुईताई पेल्यातली वाफ बघत बसली. थंडी पडल्यापासूनची धडधड, गरगर, कानातली गुणगुण, हे सगळं ती भित्रेपणा म्हणून घरी घेऊन जात होती. त्यातलं किती भित्रेपणाचं आणि किती नुसतं हवेवाचूनचं? सगळंच हवेवाचूनचं नव्हतं, हेही तिला कळत होतं. रस्त्यावरचा ओला पट्टा खरंच चाक सरकवतो. पुलावरचा वारा खरंच ढकलतो. पण आपण दर वेळी हवेचा दोष आपल्या पदरात बांधून घेतला आणि आपला जो एक खरा दोष होता, श्वास धरून ठेवायचा, तो कधी बघितलाच नाही.

हात ऊबदार झाले. तिने पुन्हा पट्टा बांधला.

"काका, श्वास."

"आधी तुम्ही."

दोघांनी घेतला. नळी भरली.

बाहेर धुकं तितकंच होतं. तिने हेल्मेटची काच दोन बोटं वर केली. गारठा सपकन गालावर आला, डोळ्यांत पाणी आलं, नाक वाहू लागलं. पण काच स्वच्छ झाली. ती दुसऱ्या गिअरवरच राहिली. मागून कुणी भोंगा वाजवला, तिने बाजू दिली. मध्येच मूठ आवळली गेली, पोट आवळलं गेलं, मग तिने हेल्मेटच्या आत, मोठ्यानं, रोज कुणाकुणाला सांगते तसं स्वतःला सांगितलं, "श्वास घ्या, ताई." पूल आला. भीतीही होती, अलीकडेच बसलेली. सुईताई हळूहळू तिच्याजवळून पुढे गेली. सगळे पत्ते झाले, उशिरा, पण झाले.

लॅबमध्ये डॉक्टरीणबाईंनी डबा उघडून नळ्या एकेक बघितल्या. मग चष्मा वर सरकवला. "बोला. काय म्हणणं होतं?"

रात्री घोकलेलं वाक्य जिभेवर होतं. आतली खोली पलीकडे दिसत होती, ट्यूबलाइट, फ्रिज, सगळं जागच्या जागी.

"असं धुकं असेल त्या दिवशी मला दोन पत्ते कमी द्या," सुईताई म्हणाली. "मी हळू जाणार. मला घाई करून जमत नाही, आणि जमवायचंही नाही."

डॉक्टरीणबाईंनी डब्याचं झाकण लावलं. असं मागणारं माणूस त्यांना काम सोडणाऱ्यापेक्षा अवघड वाटलं असावं.

"दोन नाही. एक."

"एक, आणि पुलापलीकडचा शेवटी."

"बरं, शेवटी. आणि इतर दिवशी?"

"इतर दिवशी जशी हवा असेल तशी," ती म्हणाली, आणि नाक पुसायला रुमाल शोधू लागली.