पंचनामाबाई

ऑफिसात एखादा प्रोग्राम बंद पडला की कोणाचाही हात आधी रीस्टार्टकडे जातो. बाईंच्या देखत मात्र तशी कोणाची छाती होत नसे. त्या खुर्चीतून अर्ध्या उठत आणि म्हणत, "हात लावू नका. आधी पंचनामा, मग अंत्यविधी." मग त्या मेलेल्या प्रोग्रामच्या पडद्यासमोर चहाचा कप घेऊन अशा बसत, की येणाऱ्याजाणाऱ्याने आपोआप आवाज खाली आणावा. म्हणून त्यांचं नाव पडलं पंचनामाबाई. तोंडावर आम्ही नुसतं 'बाई' म्हणत असू. खराडीच्या त्या काचेच्या इमारतीत विशीबाविशीतली पोरं साठीच्या माणसालाही पहिल्या नावाने हाक मारतात. तिथे हा मान फक्त त्यांना होता.

आमची कंपनी रक्तपेढ्यांच्या फ्रिजवर बसवायची यंत्रं करायची. आतलं तापमान मोजायचं, दारावर आकडा दाखवायचा, आणि दोन ते सहा अंशांच्या बाहेर काही गेलं की भोंगा वाजवायचा, एवढंच त्यांचं काम. प्रत्येक ठिकाणचे नियम थोडे वेगळे असत. ते लिहायला कंपनीची स्वतःची एक छोटी प्रोग्रामिंग भाषा होती. त्या भाषेत लिहिलेले नियम प्रत्यक्ष चालवणारं जे इंजिन, ज्याला आमच्याकडे रनटाइम म्हणतात, ते बाईंच्या ताब्यात होतं.

नवीन माणूस आला की बाई त्याला पहिल्याच दिवशी एक गोष्ट समजावत. "ताप येणं वेगळं आणि डोकं फिरणं वेगळं. ताप आलेल्याला विचारता येतं, काय होतंय म्हणून. डोकं फिरलेल्याला काय विचारणार? आणि तो सांगेल ते खरं धरून चालणार तुम्ही?" सेन्सरने एकदा उत्तर दिलं नाही, हा ताप. पुन्हा विचारावं. पण रनटाइमची स्वतःची मेमरीच बिघडली, तर त्यानंतर तो दाखवेल त्या कुठल्याही आकड्याला अर्थ नसतो. अशा वेळी त्याने करण्यासारखी एकच सभ्य गोष्ट असते. जागच्या जागी थांबायचं, आरडाओरडा करायचा, आणि मरता मरता आपण कोणत्या ओळीवर होतो, तिथवर कसे आलो, मेमरीत काय होतं, हे सगळं लिहून ठेवायचं. घाईने रीस्टार्ट केलं की हा पुरावा पुसला जातो. बाईंचा सगळा जीव त्या पुराव्यात असे.

यंत्र असं थांबलं की दारावर काय दिसावं, तेही बाईंनीच ठरवलं होतं. इंग्रजी आकडे आणि कंस कोणाला कळणार, म्हणून त्यांनी साध्या मराठीत लिहिलं होतं: 'हे यंत्र थांबले आहे. आतले तापमान मला माहीत नाही. माझ्यावर विश्वास ठेवू नका. काचेचा थर्मामीटर लावा.' मार्केटिंगवाल्यांना हे वाचून घाम फुटला. आपलंच यंत्र म्हणतंय विश्वास ठेवू नका, हे कोणाला दाखवायचं, असं त्यांचं म्हणणं. बाई म्हणाल्या, "ज्याला रक्त लागणार आहे त्याला दाखवा."

चुका गिळणाऱ्या कोडची बाईंना शारीरिक किळस होती, आणि त्यांच्या संगतीने ती मलाही लागली. काही जण काय करतात, तर चूक झाली की ती पकडतात आणि काहीच न करता पुढे जातात. मधे एक रिकामा कंस, आत ना नोंद, ना ओरडा. असा कोड दिसला की बाई खरोखर ओढणी नाकाला लावत. "हे कोणी लिहिलंय? शिळं अन्न पातेल्यात झाकून ठेवल्यासारखं आहे. वास आला की कळेल सगळ्यांना." लिहिणारा लाल व्हायचा. मी एकदा त्यांना म्हटलं, बाई, इतकं काय मनाला लावून घ्यायचं. त्या म्हणाल्या, "मनाला नाही लावून घेत. मला मळमळतं, त्याला मी काय करू?"

एकदा एका रक्तपेढीतलं यंत्र आठवड्यात अनेकदा थांबलं आणि भोंग्याने तिथले लोक वैतागले. बाईंनी सगळे रिपोर्ट शेजारी शेजारी लावून पाहिले. प्रत्येक वेळी मरण आलं होतं एकाच ओळीवर, सेन्सरचं वाचन आत घेताना. त्या स्वतः तिथे गेल्या, सेन्सरच्या तारा जिथे जोडतात ती डबी उघडली, आणि आत एक मोठं झुरळ मरून तारांना चिकटलेलं सापडलं. त्याच्यामुळे वाटेल ते आकडे आत जात होते. दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये बाईंनी ते झुरळ पारदर्शक पिशवीत घालून टेबलावर, बिस्किटांच्या बशीशेजारी ठेवलं. "आरोपी," असं म्हणाल्या. आणि लगेच पुढे म्हणाल्या, "निम्मी चूक माझी आहे. वाटेल तो आकडा रनटाइमने आत घ्यायला नको होता. आज दुरुस्त करते." त्या दिवशी बिस्किटांना कोणी हात लावला नाही. पण त्या रक्तपेढीतला भोंगा पुन्हा विनाकारण वाजला नाही.

या मीटिंगला आमचे नवीन मॅनेजर होते. त्यांना आम्ही हसरे साहेब म्हणायचो, कारण त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू कशानेही ढळत नसे. त्यांनी आल्या आल्या लॉबीत एक मोठा पडदा लावला होता. देशभरातली आमची किती यंत्रं बंद पडली, तो आकडा त्यावर लाल रंगात दिसे, आणि तो शून्यावर आणणं हे साहेबांचं स्वप्न होतं. यंत्रं बंद का पडतात यात त्यांना काडीचा रस नव्हता. त्या पडद्यापुढे उभं राहून ते हात चोळायचे, ते आठवलं की अजून माझ्या अंगावर शहारा येतो.

शेवटी त्यांनी उपाय काढला. यंत्राचा रनटाइम मेला, तर त्याने गुपचूप पुन्हा सुरू व्हायचं. भोंगा नाही, रिपोर्ट नाही. आणि नीट सुरू होईपर्यंत दारावर शेवटचा चांगला आकडा तसाच दाखवत राहायचं. पुन्हा मेला, तर पुन्हा तेच.

"ग्राहक नाराज आहेत, मॅडम," साहेब म्हणाले. "भोंगा वाजला की त्यांची झोप उडते."

"भोंगा त्यासाठीच असतो, साहेब."

"पण आकडा तर आपण दाखवतोच आहोत ना?"

"कालचा." बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "म्हणजे मेलेल्याच्या तोंडात घास कोंबायचा आणि पाहुण्यांना सांगायचं, जेवण चाललंय. आपण हे ज्यांना सांगणार आहात, त्यांना मी उत्तर देऊ शकणार नाही. माझ्या हातून हे होणार नाही."

साहेब हसले. मॅडमचा विनोद फार छान आहे, म्हणाले. ते हसले म्हणून सगळे हसले. चांगली शिकलेली, पोरंबाळं असलेली माणसं, ज्यांच्या घरात कोणाला ना कोणाला कधीतरी रक्त चढलेलं असणार, ती सगळी दात काढत होती. माणसांचा इतका उबग मला त्याआधी कधी आला नव्हता.

काम दुसऱ्या टीमकडे गेलं आणि बाईंनी राजीनामा दिला. त्यांच्या निरोप समारंभापर्यंत लॉबीतला आकडा शून्यावर आला होता. साहेबांनी केकवरही तेच शून्य काढवून घेतलं होतं, लाल क्रीमचं. चार शब्द बोला असा आग्रह झाला तेव्हा बाई म्हणाल्या, "शून्य म्हणजे कोणी मेलं नाही, असं नाही. स्मशानात नोंदी ठेवणाऱ्या माणसाने लिहिणं बंद केलंय, एवढंच." टाळ्या वाजल्या. मला वाटतं कोणी ऐकलंच नव्हतं. बाईंनी केकची बशी तशीच खाली ठेवली, आपला चहाचा कप पिशवीत घातला आणि लिफ्टकडे गेल्या.

त्यानंतर मी तिथे राहिलो ते एका तक्रारीपर्यंत. एका रक्तपेढीने कळवलं, की दारावरचा आकडा बरेच दिवस चार म्हणजे चारच आहे, दशांशाचाही फरक नाही, हे बरोबर आहे ना. चालू फ्रिजचा आकडा असा कधीच गोठत नाही, थोडा खालीवर होत राहतो. याचा अर्थ उघड होता. आतला रनटाइम मरत होता, उठत होता, पुन्हा मरत होता, आणि दारावर कधीचा तरी जुना चार लटकलेला होता. मला वाटलं, आता तरी यांचे डोळे उघडतील. साहेबांनी मीटिंग बोलावली आणि हसत हसत म्हणाले, "लोकांना जिवंत वाटलं पाहिजे. आकडा थोडा हलता ठेवा. एक दशांश वर, एक दशांश खाली." मग माझ्या शेजारचा एक जण वहीत लिहिता लिहिता म्हणाला, "रँडम ठेवू का, सर?"

ते काम मला सांगितलं गेलं. मी नाही म्हटलं, म्हणून त्या शेजारच्याने केलं, आणि पुढच्याच अपडेटबरोबर ते सगळीकडे गेलं. ज्या दिवशी गेलं त्या दिवशी मी ओळखपत्र टेबलावर ठेवलं आणि गाडी काढून थेट बिबवेवाडीला बाईंकडे गेलो. यात काही मर्दुमकी नव्हती. तिथे बसवतच नव्हतं.

बाई मेथी निवडत होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी हातातली जुडी खाली ठेवली, मोरीत जाऊन दोनदा चूळ भरली आणि तोंड पुसत परत आल्या.

"हलता आकडा," त्या म्हणाल्या. "हे मला सुचलं नसतं. जन्मात सुचलं नसतं."

मी म्हटलं, "वर सरकारकडे तक्रार करू या, बाई."

"करू ना. ती मी आजच पाठवते. पण कागद पोचेपर्यंत त्या फ्रिजमधलं रक्त कोणाला तरी चढणार आहे. उद्या सकाळी मोकळा आहेस का? दारं उघडून बघू."

युक्ती साधी होती. फ्रिजचं दार मिनिटभर उघडं ठेवलं, की खरा आकडा चढू लागतो. खोटा आकडा जागच्या जागी नाचत राहतो. पहिल्या रक्तपेढीत आकडा झरझर वर गेला. बाई "जिवंत आहे, लावा दार" म्हणाल्या, आणि आम्ही हडपसरला गेलो.

तिथली रक्तपेढी दुकानांच्या वरच्या मजल्यावर होती. काउंटरपाशी कारखान्याच्या निळ्या शर्टातला एक माणूस थर्माकोलची पेटी घेऊन उभा होता. त्याची बायको बाळंत झाली होती आणि रक्तस्राव थांबत नव्हता. आतला टेक्निशियन त्याच्यासाठी पिशवी काढायला फ्रिजकडे निघालाच होता.

"मशीन कसं आहे हो?" बाईंनी विचारलं.

"एक नंबर हाय, मॅडम. आधी सारखं बोंबलायचं. आता कवाच वाजत न्हाई."

"दार उघडाल ना, तेव्हा मिनिटभर उघडंच ठेवा."

"गारवा जातोय त्यानं. आन् तुमी कोण?"

बाईंकडे आता कुठलंच कार्ड नव्हतं. नोकरी सोडली आहे म्हणाल्या असत्या, तर त्याने बाहेरचा रस्ता दाखवला असता. त्या यंत्रात जे घातलं गेलं होतं त्याच्याशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. त्यावर थुंकून त्या बाहेर पडल्या होत्या, हे मला ठाऊक होतं. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्या निळ्या शर्टवाल्याकडे पाहिलं.

"हे यंत्र मी केलंय," बाई म्हणाल्या. "त्यात काही खोटं असेल तर ते माझं आहे. उघडा."

त्याने दार उघडलं. आम्ही सगळे आकड्याकडे बघत उभे राहिलो. मिनिट गेलं, आणखी थोडा वेळ गेला. बाईंनी त्या माणसाच्या हातातली पेटी घेतली आणि त्याला म्हणाल्या, "चला, दुसरीकडून आणू. मी येते बरोबर." ते दोघे जिना उतरून गेले, खाली रिक्षा सुरू झाल्याचा आवाज आला. टेक्निशियन मला विचारत होता, काय झालं, काय झालं. दारावर चार पूर्णांक एक होतं, मग तीन पूर्णांक नऊ, मग पुन्हा चार. मी आत हात घालून वरची पिशवी उचलली. ती कोमट होती.