मौन न पाळणारी शाळा

सुमनबाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी वर्गावर होते. मुलांना लगेच सांगून टाकलं. आमच्यापासून काही लपवायचं नाही, हा त्यांचाच दंडक...

घोडेगावात भाड्याच्या दोन खोल्यांत बाईंनी अंध मुलांसाठी ही निवासी शाळा काढली, तेव्हाची मी विद्यार्थिनी. आता शाळेला स्वतःची इमारत आहे, वसतिगृह आहे आणि मी तिथंच शिकवते. नियम मात्र तोच. आत येणाऱ्यानं दारातच नाव सांगायचं, मग तो तहसीलदार असो नाहीतर दूधवाला. बाई स्वतःच्या घरात शिरतानाही "मी सुमन" म्हणायच्या आणि घरचे हसायचे.

पहिल्याच वर्षी माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, डिंभ्याहून मला कायमची घरी न्यायला आले. आंधळ्या पोरीला शिकवून काय करायचंय, असं कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं होतं. ते दारात गुपचूप उभे राहिले. मी बोटांनी ब्रेल वाचत होते. बाई म्हणाल्या, "पावणं, इथं मुक्यानं उभं राहायचं नाही. नाव सांगा, मग आत या." दादांना ते फार लागलं. तरी नाव सांगून आत आले आणि धडा संपेपर्यंत बसले. मग मला न्यायचं म्हणाले, तर बाईंनी "तिलाच विचारा" एवढंच सांगितलं. मी नाही म्हणाले.

"ऱ्हा मग हितंच," दादा म्हणाले आणि एसटी गाठायला गेले.

त्या बाईनं माझी पोरगी तोडली, असं ते पुढं कित्येक वर्षं म्हणत राहिले. मला भेटायला यायचे, पण पायरीवरच थांबायचे. आत यायचं तर नाव सांगावं लागलं असतं ना. बाईंनीही कधी आग्रह केला नाही. दोघंही हट्टी. मधल्या मधे माझी कुचंबणा.

शोकसभेत पाहुण्यांनी दोन मिनिटं मौन पाळायला सांगितलं. सभागृह गप्प झालं आणि लहान मुलं घाबरली. आवाज थांबला की आमच्यासाठी माणसंच नाहीशी होतात, हे पाहुण्यांना कसं कळावं? शेवटी एक जुना विद्यार्थी उठला, त्यानं स्वतःचं नाव आणि गाव सांगितलं. मग त्याच्या शेजारचा. जुन्नर, ओतूर, मंचर... हळूहळू सभागृह पुन्हा भरलं.

सगळ्यात शेवटी दाराकडून एक थकलेला आवाज आला.

"बाई, मी डिंभ्याचा बबन. आत येतो."

मी सरकून शेजारची जागा हातानं थोपटली. बाई गेल्यापासून मला पहिल्यांदा रडू आलं ते तेव्हा.