गेरूची रेघ

त्या माणसाला मी पाणी विचारलं नाही. दवाखान्याच्या पायरीशी तो उभा होता. धोतर स्वच्छ, टोपी कडक, आणि चेहऱ्यावर घरूनच बेतून आणलेलं दुःख. "बाई, आमची इंदू गेली. फीट आली आन् उठलीच न्हाई. देवाची इच्छा," म्हणाला. हा इंदूचा थोरला दीर. देवाने कसलीही इच्छा केली नव्हती. ज्या जखमेपायी तिला झटके येत, ती याच्यामुळे झालेली, आणि हे त्याला, मला आणि अख्ख्या गावाला ठाऊक होतं. तो उन्हातून आला होता, ओठ सुकले होते. मी आत गेले आणि दार लावून घेतलं. या गोष्टीला महिना होऊन गेला, पण मला अजून त्याचं वाईट वाटलेलं नाही.

इंदू आणि मी संगमनेरात मिशनच्या शाळेत एका बाकावर बसलो. पुढे मी नर्स झाले आणि ती शेजारच्या अकोले तालुक्यात एका शेतकरी घरात दिली गेली. तोंडाने फटकळ, पण बोटांत कला. शाळेत नाताळला दारातली रांगोळी तीच काढायची, आणि मोठ्या बाईसुद्धा पदर सावरून तिला वळसा घालून जायच्या. माझ्या लग्नाची काळजी माझ्या आईपेक्षा तिलाच जास्त. "मार्थे, तुझं हे सुया टोचनं पुरं झालं, आता कुनाच्या तरी गळ्यात पड," असं भर बाजारात म्हणायची.

तीन वर्षांमागे दिराने विहीर खोल करायला काढली. सुरुंगाला बत्ती द्यायच्या आधी मोठ्याने हाळी द्यायची, माणसं आडोशाला गेली की मगच पेटवायचं, हे शेंबडं पोरही जाणतं. त्या दिवशी याला घाई होती. हाळी दिलीच नाही. इंदू न्याहारी बांधावर ठेवून माघारी वळली होती. दगड तिच्या डोक्याला मागून, उजव्या अंगाला बसला. आणि हा गावभर सांगत सुटला, "म्या हाळी दिल्ती, तिनंच कान दिला न्हाई." चोर तो चोर, वर शिरजोर.

जखम भरली, इंदू चालू-बोलू लागली, पण तऱ्हा भलतीच. ताटातलं उजवीकडचं खायची, डावीकडची भाकरी तशीच ठेवायची आणि "वाढा की" म्हणायची. दारात रांगोळी काढली तीही अर्धी. उजवं अंग रेखीव, डावीकडे नुसतं सारवण. तिला मात्र ती पुरी वाटत होती. नेमका त्याच आठवड्यात दिराचा बैल डाव्या पायाने लंगडला. झालं! "अर्धं ताट कुनासाठी ठिवती ही? अर्धी रांगोळी म्हंजी करनी हाय," असं त्याने चार माणसांत सांगितलं, तिची चूल बंद केली, तिला गोठ्याशेजारच्या छपरात काढलं आणि तिची चार वर्षांची मंगल आपल्या बायकोच्या ताब्यात दिली. "ही धड हुईस्तोवर पोरीला हात लावायचा न्हाई," हा हुकूम. इंदूचा नवरा भावापुढे मान खाली घालून उभा. त्याच्यावर रागवावं इतकाही तो मला मोठा वाटत नाही. एक मात्र केलं त्याने, भावाला न सांगता तिला माझ्याकडे आणून सोडलं.

आमच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं. डोळे ठणठणीत होते. मार बसला होता मेंदूला, पाहिलेलं जिथे उमगतं तिथे. दोन्ही डोळ्यांची डावी बाजू गेली होती, आणि गेली आहे हेच तिला कळत नव्हतं. बाई म्हणाल्या, "गेलेलं परत येईल असं नाही. पण मान वळवून शोधायला शिकवता येईल." ते काम माझ्याकडे आलं. इंदू कुठली ऐकते! "मला समदं दिसतंय. तू बी मला येडीच समज." मग मी तिच्यापुढचं ताट फिरवलं. न दिसलेली भाकरी उजवीकडे आली. ती बघतच राहिली... रडेल असं मला वाटलं होतं. तिने दिराला एक सणसणीत शिवी हासडली, आणि तिथून तिचं शिकणं सुरू झालं.

व्हरांड्यात तिच्या डाव्या हाताला मी गेरूची एक उभी रेघ ओढली. आधी डावा हात रेघेवर टेकवायचा, मान वळवून ती तांबडी रेघ डोळ्यांनी गाठायची, मग तिथून ठिपके मांडत उजवीकडे यायचं. मान अवघडायची, डोकं भणभणायचं, ठिपके चुकायचे. ती पुसायची आणि पुन्हा मांडायची. "दम खा जरा," मी म्हणे. "दम त्याच्या नरड्यावर बसून खाईन," ती म्हणे. दवाखान्यात असं बोलू नये म्हणून तिला दटावायचं सोडून मी आणखी रांगोळी आणून दिली. राग माणसाला खातो म्हणतात. इंदूला रागानेच उभं केलं. रेघेवरून ती ताटाच्या कडेवर आली, ताटावरून चुलीवर, चुलीवरून रस्त्यावर... सगळीकडे आधी डावं अंग हुडकायचं.

दिवाळीच्या पाडव्याला ती घरी गेली. मी सोबत होते. दिराच्या सोप्यात गावातली मोठी माणसं फराळाला बसलेली. इंदू आत गेली नाही. त्याच्या उंबऱ्यासमोर बसली, डावीकडे गेरूची रेघ ओढली, हात टेकवला, मान वळवली. आतला फराळ थांबला. एकही ठिपका सुटला नाही. मग पदर खोचून उभी राहिली.

"भाऊजी, रांगोळी पुरी हाय का बघा. आता ह्या उंबऱ्याला हात लावून सांगा, तुमी हाळी दिल्ती."

तो उठला, दारापर्यंत आला, वाकला... हात उंबऱ्यापर्यंत गेला आणि तसाच मागे आला. तो परसदाराने निघून गेला. सोप्यातलं कुणी त्याच्या मागे गेलं नाही. त्या संध्याकाळी इंदूची चूल पेटली आणि मंगल तिच्या मांडीवर बसून जेवली. दुसऱ्या दिवसापासून इंदू रोज सकाळी त्याच्या दारात रांगोळी काढू लागली, आणि तो रोज परसदाराने जाऊ लागला.

आमच्यात क्षमा करायला सांगितलंय. रविवारी प्रार्थनेत ती ओळ येते तेव्हा माझे ओठ हलतात, आवाज निघत नाही. प्रभूला ते दिसत असणार. त्याने मला समजून घ्यावं, मी त्या माणसाला समजून घेणार नाही.

सुतक फिटल्यावर मी मंगलला भेटायला गेले. सात वर्षांची पोर चुलत्याच्या उंबऱ्यासमोर बसली होती. तिचे डोळे लख्ख आहेत, तरी डावीकडे गेरूची रेघ ओढलेली. हात टेकवला, मान वळवली, मग पहिला ठिपका.

"तुला तर सगळं दिसतं ना गं?"

"व्हय मावशी. पर आधी हितं हात लावायचा असतो."

चुलता दारात आला. खाली पाहिलं, मला पाहिलं आणि मागे वळला. परसदाराची कडी वाजली. मी पिशवीतून रांगोळीचा पुडा काढून मंगलजवळ ठेवला आणि सरला की निरोप दे, मी आणखी आणीन म्हटलं. आमच्या घरातल्या बायका लई जगतात.