माझ्या हेराला पकडणारं वाक्य

मंडळी, आज परतूरच्या बाजारात मी पकडलो गेलो.

तुमच्यापैकी काहींना माहीत आहे, मी हेरकथा लिहितो. सध्याच्या कादंबरीत शत्रुदेशाचा एक हॅकर परतूरमध्ये खोली घेऊन राहतो. देशभरातली वीज बंद पाडायची त्याची तयारी झालेली असते. कागदपत्रं चोख, मराठी अस्खलित. पण एक दिवस शेजारीण सहज विचारते, "काय करून राह्यले?" आणि तो म्हणतो, "मी जेवत आहे."

झालं, तिथंच तिला संशय येतो. आपल्याकडं असं कोण बोलतं? 'जेवून राह्यलो' म्हणतात. हा प्रसंग लिहून मी स्वतःवर भलता खूश होतो.

आज मेथी घेताना फोन वाजला. कर्ज हवंय का, असं कोणीतरी विचारत होतं. मी म्हणालो, "मी भाजी घेत आहे, नंतर बोला."

भाजीवाल्या मावशी जुडी हातात धरून माझ्याकडं बघतच राहिल्या. "कुठले हो तुम्ही? इकडचे दिसत न्हाई."

"इथलाच आहे मावशी. जन्म इथलाच."

"मंग बातम्या दिल्यावानी कामून बोलून राह्यले?"

मी मेथीचे पैसे दिले आणि निघालो. आई गेल्यापासून घरात बोलायला कोणी नाही. दिवसभर लिहितो, तीच भाषा तोंडात बसली असणार.

घरी येऊन मेथी निवडता निवडता मोठ्यानं म्हणून पाहिलं, "मेथी निवडून राह्यलो."

बराबर जमलं. फक्त विचारलं कोणीच नव्हतं.