ओल्या लसूणघासावरची मेंढी

मुंबईत मेंढ्या म्हटलं की कॉलेजातल्या मैत्रिणी फिदीफिदी हसायच्या. "तुझे बाबा धनगर आहेत काय गं?" मी जाम भडकायचे. ऐंशीच्या दशकातलं मरोळ ते. खाली कारखाने, वर टेकडीवर चारा-संशोधनाचं सरकारी कुरण. अर्ध्या कुरणाला पाटाचं पाणी, तिथे लसूणघासाचा हिरवा चारा; अर्धं कोरडं. दोन्हीकडे मेंढ्या चारायच्या, दर रविवारी त्यांची वजनं घ्यायची आणि कुठल्या जास्त भरतात ते वहीत लिहायचं, हे बाबांचं काम. वीस वर्षं तेच करत होते.

आणि मी मेडिकलला जाऊन सहा महिने झालेले. आमच्या अख्ख्या घराण्यात पहिली. चार हाडांची नावं काय पाठ झाली, जिभेला हाडच राहिलं नव्हतं माझ्या.

त्या रविवारी मी बाबांबरोबर गेले. वजनाआधी ते मेंढ्यांना सुकं गवत टाकायला लागले, तशी मी म्हणाले, "अहो बाबा, थांबा! वजन उपाशीपोटीच घ्यायचं असतं. आम्हांला प्रॅक्टिकलला तसंच शिकवतात."

ते थांबले. वजनं झाल्यावर त्यांनी गवताचा भारा पुन्हा उचलला. "आता तरी टाकतो गो. लसूणघास ओला आहे, उपाशी सोडू नये."

"टाकलंत तर वजन कशानं वाढलं ते कळणार कसं? सोडा तसंच."

बाबा भारा हातात धरून उभे राहिले. मग माझ्याकडे बघून हसले. इतकं कौतुक होतं त्या हसण्यात! त्यांनी भारा खाली ठेवला आणि फाटक उघडलं.

तासाभरात, उपाशीपोटी ओला लसूणघास खाऊन, एका गाभण मेंढीची डावी कूस वायूनं टम्म फुगली. बाबांनी बाकीच्या धडाधड बाहेर काढल्या, मला बाटली आणायला पिटाळलं, तिच्या घशात गोडेतेल ओतलं, तोंडात आडवी काठी धरून पोट चोळत राहिले. "डॉक्टर, धर गो तिला," म्हणाले. चेष्टेनं नाही, सहा महिन्यांच्या सवयीनं. मी धरलं. त्यापलीकडे मला काहीएक येत नव्हतं. ती माझ्या मांडीवरच गेली, पोटातल्या पिल्लासकट.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेज बुडवून कुरणाच्या साहेबांसमोर बाबांच्या शेजारी उभी राहिले. सुकं गवत का नाही टाकलं, साहेबांनी विचारलं. मी तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, "माझी चूक झाली, साहेब." वीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या नावावर लाल शेरा पडला.

टेकडी उतरताना मला रडू आवरेना. मी सरळ सांगून टाकलं, मला नाही व्हायचं डॉक्टर. आणि मग त्यांच्यावरच चिडले. "तुम्हांला माहीत होतं ना सगळं? मग माझं का ऐकलंत?"

बाबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

"तू सांगितलंस म्हणून. उद्या पेशंटसुद्धा असेच ऐकणार, बाय. त्यांना माहीत असलं तरी ऐकणार."